कागदामागची सही

शांताराम मास्तरांना अख्खं रोहा मास्तर म्हणायचं, पण त्यांनी आयुष्यात एकाही पोराला बाराखडी शिकवली नव्हती. ते एसटीत कंडक्टर होते. कंडक्टरला मास्तर म्हणायची आपल्याकडे रीतच आहे. बाकीच्यांचं मास्तरपण निवृत्तीच्या दिवशी खाकी शर्टाबरोबर खुंटीला लागतं, यांचं लागलं नाही. मी तेव्हा रोह्याच्या स्टँडसमोर टायपिंगचा क्लास चालवायचे, म्हणून ते मला ‘बाई’ म्हणायचे. आमच्या दोघांमध्ये खरी शिकवणारी मी होते. पण शिकले मात्र मीच त्यांच्याकडून, आणि तेही पुरतं शिकले नाही. ते शेवटी येईलच.

उंच, किडकिडीत, आणि डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली. तीस वर्षं पैशांच्या कातडी पिशवीचा पट्टा त्या खांद्यावर होता. ते बसत नसत. क्लासमध्ये आले की भिंतीला पाठ टेकून, पाय फाकवून उभे राहायचे, जणू पायाखालची जमीन आता कोलाडच्या वळणाला हेलकावा खाणार आहे. चहासुद्धा तसाच प्यायचे, आणि थेंब कधी सांडला नाही.

बोलणं संपलं की बोटाच्या पेरानं टेबलावर दोनदा टकटक करायचे आणि म्हणायचे, “डबल!” म्हणजे झालं, निघा. एसटीत दोन घंट्या दिल्या की गाडी सुटते आणि एक दिली की थांबते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मास्तरांनी तोच कायदा घरादाराला लावला होता. मी त्यांचे अर्ज टाइप करत असले आणि मध्येच टेबलावर एकच टकटक झाली की माझी बोटं आपोआप थांबायची.

“बाई, ते ‘कृपया’ काडा.”

“अहो मास्तर, अर्जात लिहायची पद्धत आहे.”

“आपलेच पैसे परत मागायला कृपया कशाला? ते ‘नम्र विनंती’ पन काडा. नम्र त्यांनी व्हयाचं.”

त्यांची दुसरी सवय मात्र थोडी वेडगळच होती. पैशाचा कुठलाही कागद हातात आला की ते त्यातली बेरीज स्वतः करून बघायचे, मग कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूला लिहायचे, ‘हिशेब बरोबर’, आणि खाली सही ठोकायचे. विजेचं बिल असो, वाण्याची यादी असो, दूधवाल्याचं कार्ड असो. वाणी हसायचा. पण त्याला कारण होतं. कंडक्टरला प्रत्येक फेरीनंतर तिकिटांचा आणि रोकडीचा मेळ घालून कागदावर सही करावी लागते. “सही केल्याबिगर डेपोच्या फाटकाभायेर पाय टाकला नाय मी तीस वर्सं,” ते म्हणायचे. हाताला इतकं वळण पडलं होतं की डोक्याला विचारायची गरज उरली नव्हती. ही सवय पुढे त्यांना नडणार आहे, हे तेव्हा आम्हाला काय ठाऊक!

त्यांच्या सगळ्या तत्त्वज्ञानाचं एकच वाक्य होतं. तिकीट नाय तं पैसे नाय. ज्या पैशाला कागद नाही तो पैसा घ्यायचा नाही आणि द्यायचाही नाही. एकदा निडीच्या एका म्हातारीचे आठ आणे द्यायचे राहिले. सुटे नव्हते म्हणून तिकिटामागे लिहून दिलं होतं, आणि म्हातारी ते न मागताच उतरली. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी निडीला एक घंटी देऊन गाडी थांबवली आणि तिला शोधायला उतरले. गाडीत बोंबाबोंब झाली. कुणाची शिफ्ट चुकत होती, कुणाची कोर्टात तारीख होती. पाच मिनिटांनी परत आले आणि म्हणाले, “ओरडू नका. गाडी तिच्या पैशावर उभी होती.”

पण हा माणूस नुसता सरळ होता असं समजू नका. सरळ माणसं पुष्कळ असतात आणि बहुतेक कंटाळवाणी असतात. मास्तर भांडखोर होते. त्यांच्या पुतणीचं लग्न खांबला होतं. अक्षता पडायला पंधरा मिनिटं असताना नवऱ्याच्या मामाला आठवलं की आपल्याला मानाची अंगठी मिळाली नाही. मामा रुसला, मामाला बघून नवरा रुसला, आणि मुलीचा बाप घाम पुसत सोनाराकडे माणूस पाठवायला निघाला. मास्तरांनी त्याला धरून बसवलं. खिशातून लग्नाची यादी काढली, देण्याघेण्याचं ठरवून दोन्हीकडच्या चार माणसांनी सह्या केलेली. अर्थात तिच्या मागे ‘हिशेब बरोबर’ होतंच.

“यात अंगठी कुटं हाय, दाखवा.”

“यादीत नसली तरी रीत असते,” मामा म्हणाला.

मास्तरांनी मांडवाच्या लोखंडी खांबावर किल्लीनं एक टोला दिला. टण्ण आवाज झाला. “मंग गाडी हितंच उभी. घाई असंल त्यानं उतरून दुसरी गाडी बगावी.”

वाजंत्री थांबली. दहा मिनिटं कुणी हललं नाही, आणि मग नवरामुलगाच उठून म्हणाला, “मामा, बसा आता गप्प.” मास्तरांनी खांबावर दोन टोले दिले. लग्न लागलं. तो मामा जेवला नाही म्हणतात, पण ते त्याचं त्यानं बघावं.

मी हे सांगते आहे कारण आपल्याकडे लुटायची एक वेळ ठरलेली असते. ठरवताना कुणी लुटत नाही. ठरवताना सगळे गोड असतात. मांडव पडला, वऱ्हाड बसलं, माणसाला मागे फिरता येईनासं झालं की मग हात पुढे येतो. हे लग्नात होतं तसंच गाडीच्या शोरूममध्ये होतं, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

नव्वद सालानंतर आमच्या भागात गाड्यांचं पेव फुटलं. डोलवीला कंपनी उभी राहिली, रोह्यात कारखाने होतेच. ज्याच्याकडे जमिनीचे चार पैसे आले तो जीप घेऊन कंपनीत भाड्याने लावू लागला. पेणच्या बाहेर हायवेला एक शोरूम निघालं. काचा, टाइल्स, कुंडीत प्लास्टिकचं झाड, आणि टाय लावलेला एक मॅनेजर. त्याचं नाव मी घेत नाही, त्याची ती लायकी नाही.

आमच्या आळीतल्या बशीरभाईंची बेकरी होती. त्यांनी पाव पोचवायला छोटी व्हॅन घ्यायची ठरवली आणि सोबतीला मास्तरांना नेलं. सगळे पैसे भरून झाले, किल्ली मिळणार, तेवढ्यात मॅनेजर म्हणाला, “हँडलिंगचे तीन हजार राहिले.”

“म्हंजे काय?” मास्तर म्हणाले.

“गाडी फॅक्टरीतून आली, उतरवली, धुतली, पुसली. हाताळणी.”

“हां. मी तीस वर्सं म्हाताऱ्या हाताला धरून गाडीत चडवल्या, टोपल्या वर घेतल्या. हँडलिंग घेतलं काय कदी?”

“सगळेच देतात हो काका.”

“पावती द्या.”

“याची पावती नसते.”

“मंग पैसे पन नसतात. तिकीट नाय तं पैसे नाय.” आणि मास्तर मॅनेजरच्या टेबलाला टेकून, पाय फाकवून उभे राहिले. दोन गिऱ्हाईकं मागे थांबली होती आणि कान टवकारून ऐकत होती. वीस मिनिटांत किल्ली मिळाली. बशीरभाईंनी त्या दिवशी आळीत नानकटाई वाटली.

मग काय, मास्तरांची कीर्तीच झाली. गाडी घ्यायची म्हटलं की लोक पहिले मास्तरांकडे यायचे. ते स्वतःच्या पैशानं तिकीट काढून एसटीनं पेणला जायचे, फक्त चहा घ्यायचे, पावती मागायचे आणि गाडी सोडवून आणायचे. वर्षभरात पाच-सहा गाड्या तरी अशा सुटल्या. मॅनेजर त्यांना लांबून बघूनच तोंड कडू करायचा. आम्हाला त्याची फार मजा वाटायची. समोरचा माणूसही शिकत असतो, हे आमच्या ध्यानात आलं नाही.

हिराबाई ही डोलवीकडच्या खाडीकाठची. नवरा मिठागरात काम करायचा, तो गेला. ती मिठाची गोणी आणि सुकी मासळी घेऊन पेणच्या बाजारात, कधी रोह्याला दारोदार यायची. वीस वर्षं ती मास्तरांच्या गाडीनं प्रवास करत होती आणि वीस वर्षं दोघं भांडत होते, कारण मास्तर तिच्या गोणीचं लगेजचं तिकीट फाडल्याशिवाय राहत नसत. पुढे तिच्या वाटणीच्या जमिनीचे पैसे आले. तिचा भाऊ ड्रायव्हर होता. एका कंत्राटदारानं जीप कंपनीत लावून घ्यायचं कबूल केलं, पण एक तारखेला गाडी फाटकावर उभी पाहिजे, नाहीतर तो दुसऱ्याची घेणार होता. हिराबाई सरळ मास्तरांकडे आली. माझ्या क्लासमध्येच गाठ पडली.

“यो मानूस माज्या मिठाचं पन तिकीट फाडतं,” ती मला म्हणाली, “यो मना फसवाचा नाय.”

मास्तरांना इतकं मोठं प्रमाणपत्र आयुष्यात कुणी दिलं नसेल. त्यांनी टेबलावर दोनदा वाजवलं फक्त.

गाडी घ्यायच्या दिवशी मला पेणला काम होतं म्हणून मीही गेले. हिराबाई नवं हिरवं लुगडं नेसून आली होती. पितळी तबकात हळदकुंकू, नारळ, निरांजन, पेढ्यांचा पुडा. झेंडूचा हात-दीड हात लांबीचा हार तिनं स्वतः ओवला होता. किंमत आधीच ठरली होती, कोटेशनचा कागद मास्तरांच्या खिशात होता, आकड्याला आकडा मिळवून पैसे भरले. भावानं जीपला हार घातला. हिराबाईनं चाकांना कुंकू लावलं आणि निरांजन पेटवलं. आणि बरोबर तेव्हा, बघा, हार घालायच्या आधी नाही, निरांजन पेटल्यावर, मॅनेजर हसत पुढे आला.

“मावशी, हँडलिंग आणि डेपो खर्च राहिला. आणि सीट कव्हर, मॅटिंग आम्ही बसवूनच देतो. सहा हजार.”

सीट कव्हर तिनं मागितलं नव्हतं. कंपनीच्या मजुरांना न्यायच्या जीपला गादी कशाला हवी? पण ते बसवूनच ठेवलं होतं. काढून द्या म्हटलं तर काढायची मजुरी मागितली असती त्या लोकांनी, इतके ते निर्लज्ज होते.

मास्तर शांत होते. ते आजवर जे सगळीकडे म्हणाले तेच म्हणाले, आणि जरा मोठ्यानं म्हणाले, कारण हिराबाई ऐकत होती. “पावती द्या. पावती दिली तं आत्ता देतो.”

मॅनेजरनं टेबलाचा खण उघडला आणि एक कोरं करकरीत पावतीपुस्तक काढलं. वर शोरूमचं नाव, आणि खाली ओळीनं छापलेलं होतं: हँडलिंग चार्जेस, डेपो खर्च, अ‍ॅक्सेसरीज. नंबर होता, शिक्का होता. त्यानं आकडे भरले, सही केली, पावती फाडून मास्तरांच्या हातात दिली. “घ्या काका. तिकीट.”

मी मास्तरांचा चेहरा पाहिला. तिथे राग नव्हता. चालत्या गाडीतून पायरी चुकून उतरलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा होता. तीस वर्षांचा त्यांचा कायदा त्यांच्याच हातात छापून दिला होता. शब्द तर देऊन बसले होते. त्यांनी हिराबाईकडे पाहिलं. दोन दिवसांवर एक तारीख होती. निरांजन जळत होतं. हार घातलेली गाडी तिथेच सोडून कोण परत जातं? ते अपशकुनाचं, आणि ते चोर हे जाणून होते.

“द्या हिराबाई,” मास्तर म्हणाले.

तिनं कमरेच्या पिशवीतून पैसे काढले. ते जीपच्या डिझेलचे होते. कंत्राटदार पहिलं भाडं दोन महिन्यांनी देणार होता, तोवर गाडी पळवायला ठेवलेले. तिनं ते मोजून दिले. मग जी घडली ती गोष्ट मला आजही डोळ्यांसमोर दिसते. मास्तरांनी पावतीची बेरीज केली. कागद उलटा केला. ‘हिशेब बरोबर’ असं लिहिलं आणि खाली सही केली. त्यांचं लक्षही नव्हतं. हातानं आपलं आपण केलं. मॅनेजरनं ते पाहिलं, पावती परत मागितली आणि म्हणाला, “एक मिनिट हं, ऑफिसला झेरॉक्स लागते.”

नारळ फुटला. पेढे वाटले. मास्तरांनी पेढा घेतला नाही.

आम्ही जीपमधूनच निघालो. वडखळ यायच्या आधी हिराबाई बोलली, आणि रागानं नाही, कोडं पडल्यासारखी बोलली. “मास्तर, मी मीठ इकतंय. पायली मोजली का वर एक ओंजळ टाकतंय. माजी आय पन टाकाची. मासली इकली का वाट्यावर एक मासली वर. वर टाकाचं त्ये इकनाऱ्यानं. घेनाऱ्यानं कनाला टाकाचं? यो कंचा धंदा?”

मास्तर खिडकीतून बाहेर बघत होते.

तीन दिवस ते क्लासवर आले नाहीत. चौथ्या दिवशी आले, आणि खुर्चीत बसले. मी घाबरलेच. त्यांना बसलेलं मी प्रथमच पाहत होते.

“बाई, कागद लावा.”

“कोणाला लिहायचं?”

“ग्राहक मंचाला. अलिबागला. पयलं वाक्य लिवा, माजी चूक झाली.”

“मास्तर, तक्रार त्यांच्यावर करायची ना?”

“त्यांच्यावरच. पन पयली माजी. मी लोकांना सांगत फिरलो का पावती असली का पैसे खरे. तीस वर्सं सांगितलं. त्यांनी पावती छापली. छापलं म्हंजे खरं झालं काय? उद्या दरोडेखोर पावतीपुस्तक घेऊन येतील, तं आपण सुटे देऊन बसू? माज्यामुळं तिनं दिलं, बाई. ती एकटी असती तं भांडली असती. माज्या शब्दापायी गप बसली.”

तोवर कळलं होतं की डिझेलसाठी हिराबाईनं कानातल्या कुड्या गहाण टाकल्या. मास्तरांनी पैसे देऊ केले तर ती म्हणाली, “तुमी घेतलं काय माजं? मंग तुमी कनाला देता?” दोघंही एकाच मातीचे.

अर्ज गेला. तारखा पडू लागल्या. रोहा ते अलिबाग, दर वेळी स्वतःचं तिकीट, बरोबर डब्यात भाकरी. दुसऱ्या तारखेला शोरूमच्या वकिलानं फायलीतून ती झेरॉक्स बाहेर काढली. मी साक्षीला गेले होते. पावतीची मागची बाजू त्यानं पुढे ठेवली. बाईनं राजीखुशीनं पैसे दिले, सोबत जाणता माणूस होता, त्या माणसानं स्वतः हिशेब तपासून बरोबर असल्याची सही केली, मग तक्रार कसली?

“ही सही तुमची?” वकिलानं विचारलं.

“माजी.”

“हिशेब बरोबर, हे तुम्हीच लिहिलंत?”

“मीच लिवलं.”

“मग आता काय म्हणणं आहे?”

मास्तर पाय फाकवून उभे होते, जसे नेहमी उभे राहत. समोरच्या कठड्यावर त्यांचा हात होता. मला वाटलं, आता काही सबब सांगतील. सवय होती, लक्ष नव्हतं, असं काहीतरी. ते खरंही होतं. पण ते म्हणाले, “बेरीज बरोबर होती साहेब. पैसे चुकीचे होते. बेरीज बगाचं काम मला तीस वर्सं आलं, पैसे बगाचं नाय आलं. त्याची सजा मला द्या. तिचे पैसे तिला द्या.”

मंचाच्या अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी शोरूमच्या वकिलाला एकच प्रश्न विचारला, कोटेशनच्या कागदावर हे सहा हजार कुठे आहेत? ते कुठेच नव्हते. मास्तरांनी कोटेशन पुढे केलं. त्याच्याही मागे सही होतीच.

सहा हजार परत मिळाले. हिराबाईच्या कुड्या सुटल्या. ती रोह्याला मास्तरांच्या दारात मीठ घेऊन आली. फुकट घेणार नाहीत हे तिला माहीत होतं, म्हणून पायली मोजली आणि पैसे घेतले. मग वर एक ओंजळ टाकली. मास्तरांनी ती ओंजळ दोन्ही हात पुढे करून घेतली आणि तशीच धरून घरात गेले.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण चोर हरला की चोरी सोडत नाही, जागा बदलतो. सहा महिन्यांत त्या शोरूमनं आपलं कोटेशनच नवं छापलं. किमतीखाली पहिल्या दिवसापासूनच ‘हँडलिंग चार्जेस’ अशी सुबक ओळ. आता कुठे जाणार तक्रार घेऊन? कागदावर आहे की! हळूहळू सगळ्यांनीच तसं छापलं. लोकांनाही सवय झाली. कशाचे पैसे, असं कुणी विचारेना. आणि मास्तरांना तर कुणीच नेईना, कारण पावती मिळतच होती. मास्तर तेव्हाही एकटे जाऊन शोरूमच्या काचेबाहेर उभे राहायचे आणि येणाऱ्या माणसाला सांगायचे, “ती खालची ओळ खोडायला सांगा.” लोक त्यांना टाळून आत जायचे. मला त्या लोकांचा फार राग यायचा.

माझा क्लास पुढे वाढला, टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले. नव्व्याण्णवच्या सुमाराला मी एक छोटी पांढरी गाडी घेतली. दसऱ्याचा मुहूर्त. शोरूम दुसरं होतं, पण कोटेशन तसंच. खालची ओळ मी वाचली. चार हजार. मी विचारावं म्हणून तोंड उघडलंही होतं. पण मागे चाळीस माणसं रांगेत होती, सकाळी साडेदहाच्या आत गाडी हलवायची होती, गाडीला हार घातला होता, माझ्या आईच्या हातात ओवाळायचं तबक होतं. मी चेक लिहिला. ज्या बोटांनी मास्तरांचा अर्ज टाइप केला होता त्याच बोटांनी लिहिला. स्वतःची समजूतही घातली, छापील आहे, सगळेच देतात.

दुसऱ्या दिवशी मास्तर गाडी बघायला आले. आता पाठीत वाकले होते, पण भिंतीला टेकून उभेच राहिले. गाडीभोवती एक फेरी मारली. टायर दाबून बघितला. म्हणाले, “छान हाय गाडी.” मग सवयीनं हात पुढे केला. “कागद बगू.”

आत क्लासमध्ये येऊन मी फाइल दिली. न देऊन कसं चाललं असतं? चष्मा लावून ते एक एक ओळ बोटानं खाली उतरत गेले. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. मी काहीतरी बोलले, मुहूर्त, गर्दी, आई. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बेरीज केली. खिशातून पेन काढून टोपण उघडलं आणि कागद उलटा केला.

पेन कागदावर टेकेल एवढ्यात थांबलं. मग टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं, कागद नीट घडी घालून फाइलमध्ये ठेवला आणि फाइल माझ्या हातात दिली.

“चला, म्हणाल तिथे सोडते,” मी म्हणाले. “गाडीत बसा तरी एकदा.”

“नको बाई. माजी साडेअकराची पेण हाय.”

मी वाट बघत होते. टेबल समोर होतं, त्यांचा हातही टेबलावर होता. त्यांनी वाजवलं नाही. रस्ता ओलांडून, डावा खांदा पाडून ते स्टँडकडे गेले, पेणच्या गाडीत चढले, आणि आत गेल्याबरोबर कंडक्टरपुढे सुटे पैसे धरलेले मी इथूनच पाहिले. त्यानंतर त्यांची माझी भेट झाली नाही. त्या हिवाळ्यात ते गेले.

गाडी मी कधीच विकून टाकली. कागद तेवढा ठेवला आहे. अधूनमधून काढते आणि उलटा करून बघते. मागची बाजू कोरी आहे.